आठ सेंटांचा चेहरा

फोटोला मराठीत आपण छायाचित्र म्हणतो. या शब्दाचे मला नेहमी नवल वाटत आले आहे. फोटो निघतो प्रकाशाने, आणि नाव मात्र छायेचे. ज्याने कोणी हा शब्द पहिल्यांदा योजला त्याच्या मनात काय होते ते असो. पण फोटोचा शोध लागण्यापूर्वी अमेरिकेत चित्राचा एक प्रकार घरोघर पोचला होता आणि त्याला हा शब्द अगदी चपखल बसला असता. माणसाला बाजूने बसवायचे, त्याच्या कपाळाची, नाकाची, ओठांची आणि हनुवटीची बाह्यरेषा कागदावर उतरवायची, आणि कात्रीने ती कापून काढायची. रंग नाहीत, डोळे नाहीत, चेहऱ्यावरचे भाव नाहीत. उरते ती फक्त एक काळी आकृती. तिचे इंग्रजीतले रूढ नाव सिलुएट.

या चित्रांवर समीक्षा लिहावी असे त्यांत काय आहे, असा प्रश्न वाचकाच्या मनात येईल. माझ्याही मनात तो होता. मी ही चित्रे प्रत्यक्ष पाहिलेली नाहीत. ग्रंथांतल्या प्रतिकृती आणि तिकडच्या संग्रहालयांनी सर्वांसाठी खुल्या केलेल्या संगणकावरच्या प्रती, एवढीच माझी सामग्री. पण गेली काही वर्षे ती पुन्हा पुन्हा पाहताना एक गोष्ट मला खटकत गेली. या प्रकाराविषयी जिथे जिथे लिहिले जाते तिथे एक विधान हटकून येते: सिलुएटमुळे चित्र लोकशाहीवादी झाले, तैलचित्र ज्यांना परवडत नव्हते त्यांनाही आपला चेहरा मिळाला. हे विधान ऐकायला गोड आहे आणि अर्धे खरेही आहे. उरलेल्या अर्ध्याविषयी हा लेख आहे.

आधी नावाची गोष्ट सांगतो, कारण तिच्यात या कलेची जात लपलेली आहे. एत्येन द सिलुएट हे १७५९ साली काही महिने फ्रान्सचे अर्थमंत्री होते. युद्धाने खजिना रिकामा झालेला, म्हणून त्यांनी काटकसरीचे आणि करांचे असे काही उपाय योजले की लोक वैतागले. पुढे जे जे स्वस्त, तुटपुंजे, काटकसरीचे, त्याला ‘सिलुएटच्या थाटाचे’ म्हणण्याची पद्धत पडली आणि ते नाव कागदी चित्रांना चिकटले. म्हणजे या कलेला मिळालेले नाव ही मुळात थट्टा होती. कलेच्या इतिहासात बराच काळ तिला मिळालेली वागणूकही त्या नावाला साजेशीच राहिली. तैलचित्रे दिवाणखान्यात लागली आणि कापलेले कागद पेटीच्या तळाशी गेले.

पण त्या काळी सुशिक्षित माणसे या कागदांकडे केवळ स्वस्ताई म्हणून पाहत नव्हती. स्वित्झर्लंडचे धर्मोपदेशक योहान लाव्हाटर यांनी १७७० च्या दशकात मुद्रासामुद्रिकावर मोठे ग्रंथ लिहिले. माणसाचा स्वभाव त्याच्या चेहऱ्याच्या ठेवणीत असतो, आणि ती ठेवण बाह्यरेषेत सगळ्यांत स्वच्छ दिसते, असा त्यांचा दावा. आज या शास्त्रावर कोणी विश्वास ठेवणार नाही. पुढे वंशभेदाच्या विचाराला त्याने बळ दिले हेही आपण जाणतो. पण त्या दाव्यामुळे बाजूने काढलेल्या चेहऱ्याला एक वजन आले. कागद स्वस्त असला तरी त्यात माणसाचे ‘खरेपण’ उतरते, असे लोक मानू लागले.

आता अमेरिकेत जाऊ. फिलाडेल्फिया शहरात चार्ल्स विल्सन पील या चित्रकाराने एक संग्रहालय काढले होते. पेंढा भरलेले पक्षी आणि प्राणी, मॅस्टोडॉन या नामशेष हत्तीसदृश प्राण्याचा सांगाडा, राष्ट्रपुरुषांची तैलचित्रे, असे सगळे एका छताखाली. १८०२ साली त्याचा मोठा भाग जुन्या स्टेट हाउसमध्ये, म्हणजे ज्या इमारतीत स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाला तिथे, हलवण्यात आला. त्याच सुमारास जॉन आयझॅक हॉकिन्स या इंग्रज संशोधकाने तयार केलेले फिजिओनोट्रेस नावाचे यंत्र पीलने तिथे बसवले. माणूस यंत्राशेजारी बसे आणि डोके स्थिर ठेवी. पितळेचा एक लहानसा तुकडा त्याच्या प्रत्यक्ष चेहऱ्यावरून, कपाळापासून खाली, हलकेच फिरवला जाई. दांड्यांच्या जोडणीमुळे तीच रेषा लहान होऊन घडी घातलेल्या पांढऱ्या कागदावर दाबली जाई. येथे सावलीची गरजच नव्हती. यंत्र चेहऱ्याला शिवत असे. १८०३ च्या जानेवारीत पीलने या यंत्राची रंगीत आकृती काढून राष्ट्राध्यक्ष जेफरसनना पाठवली, इतके त्याला त्याचे कौतुक होते.

कागदाला दोन घड्या असल्याने एका कापण्यात चार प्रती निघत. कापणारा आतला चेहरा काढून टाकी, बाहेरचा पांढरा कागद ठेवी आणि त्याच्या मागे काळा कागद किंवा कापड लावी. या पद्धतीला मी पोकळ काप म्हणेन. वाचकाने येथे क्षणभर थांबावे. या चित्रात चेहरा जिथे आहे तिथे कागद नाही. ज्याला आपण माणूस म्हणून पाहतो ते एक भोक आहे. कापून पडलेले खरे तुकडे, म्हणजे ज्यांना माणसाचा आकार होता ते, पिंपांत साठत, आणि पील त्यांना ‘ठोकळ्याची डोकी’ म्हणून हसत असे. इंग्रजीत त्या शब्दाचा दुसरा अर्थ मठ्ठ माणूस. माणसाची आठवण ठेवायची तर त्याला कापून बाहेर टाकायचे आणि त्याची रिकामी जागा जपायची! पोकळ कापाची ही चित्रे मला तैलचित्रांपेक्षा अधिक प्रामाणिक वाटतात ती यामुळे. तैलचित्र म्हणते, हा माणूस येथे आहे. पोकळ काप म्हणतो, हा माणूस येथे होता.

आता त्या लोकशाहीच्या विधानाकडे वळतो. एखादी कला सर्वांची झाली असे म्हणताना निदान चार गोष्टी विचारायला हव्यात. दाम किती पडले? कात्री कोणाच्या हातात होती? चित्र कोणाच्या ताब्यात राहिले? आणि नाव कोणाचे लिहिले गेले?

दामाचा हिशेब सोपा आहे. पीलच्या संग्रहालयात चेहरा कापून द्यायचे आठ सेंट पडत. तैलचित्राला कित्येक डॉलर लागत आणि चित्रकारासमोर तासन् तास बसावे लागे. येथे काही मिनिटांत काम होई. तेव्हा स्वस्त हा शब्द खोटा नाही. पण संग्रहालयाचे प्रवेशशुल्क पंचवीस सेंट होते. आठ सेंटांच्या चेहऱ्यापर्यंत पोचायला त्याच्या तिप्पट पैसे दारात मोजावे लागत. ज्याच्याकडे तेवढे नसतील त्याला गावोगाव हिंडणाऱ्या कारागिराची वाट पाहावी लागे, आणि असे कारागीर पुष्कळ होते. विल्यम बेश हा त्यांतला एक. तो आपल्या कामाची नक्कल एका वहीत चिकटवून ठेवी. सुमारे अठराशे चेहऱ्यांची ती वही आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय व्यक्तिचित्र दालनात आहे. तिच्या पानांत सोमल सापडल्यामुळे ती हाताळणे धोक्याचे आहे, म्हणून आता लोकांनी ती संगणकावर पाहावी अशी सोय केली आहे. कॅटलॉगसारख्या त्या पानांवर राष्ट्राध्यक्ष आणि साधा दुकानदार सारख्याच मापाचे, सारखेच काळे दिसतात. दामाच्या बाबतीत लोकशाहीचे विधान बऱ्याच अंशी टिकते, हे मी मोकळेपणाने मान्य करतो.

दुसऱ्या प्रश्नाशी मात्र ते अडखळते. पीलच्या संग्रहालयात कात्री होती मोझेस विल्यम्सच्या हातात. हा मोझेस पीलच्या घरात गुलाम म्हणून जन्मला. त्याचे आईवडील पीलला चित्रांच्या मोबदल्यात मिळाले होते. म्हणजे एका घरचे चेहरे रंगवले आणि त्यांचे दाम म्हणून दोन माणसे घेतली. पेनसिल्व्हेनियाच्या १७८० च्या कायद्याने गुलामगिरी हळूहळू बंद करायचे ठरवले. हळूहळू म्हणजे, पुढे जन्मणाऱ्या मुलांनीही अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत राबावे. मोझेसचे आईवडील १७८६ साली मुक्त झाले. मुलगा मात्र मागे राहिला. त्याच घरात पीलची मुले वाढत होती. त्यांची नावे पीलने मोठ्या हौसेने थोर चित्रकारांवरून ठेवली होती: राफाएल, रेम्ब्रांट, रुबेन्स, टिशियन. त्यांना रंग आणि कुंचला मिळाला. मोझेसला प्राण्यांत पेंढा भरणे, दालनांची मांडामांड आणि शेवटी कागद कापणे शिकवले गेले. मुदतीच्या एक वर्ष आधी, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्याला मुक्त करण्यात आले आणि यंत्राचे काम त्याच्याकडे सोपवण्यात आले.

१८०३ या एका वर्षात त्याने ८,८८० चेहरे कापले, अशी नोंद आहे. वर्षाचे तीनशे दिवस कामाचे धरले तर दिवसाला सुमारे तीस. आठ सेंटांच्या हिशेबाने ही रक्कम सातशे डॉलरच्या वर जाते. या कमाईवर मोझेसने दुमजली विटांचे घर घेतले, असे पुढे रेम्ब्रांट पीलने आठवणींत लिहिले. त्याच आठवणींत असेही आहे की घरातली गोरी स्वयंपाकीण मारिया पूर्वी मोझेसला आपल्या पंक्तीला बसू देत नसे, आणि पुढे तिनेच त्याच्याशी लग्न केले. आपल्याकडच्या वाचकाला पंक्तीचा अर्थ समजावून सांगायला नको.

एका माणसाने स्वतःच्या कसबावर घर उभे केले ही गोष्ट मोठीच. पण चित्रांकडे पुन्हा पाहा. त्या कागदांवर दाबून उठवलेला शिक्का आहे ‘म्युझियम’ असा. कापणाऱ्याचे नाव त्यावर नाही. पुष्कळ वर्षे अभ्यासकही ‘पीलचे सिलुएट’ असेच म्हणत राहिले. यंत्राने काढलेली रेषा कोणीही कापेल, त्यात कला कसली, असा त्यामागचा समज. हा समज चुकीचा आहे, असे माझे मत आहे. पितळी तुकडा कपाळ, नाक आणि हनुवटी सांगतो. पापणीचे टोक, कपाळावर आलेली बट, गळ्याशी झालर, हे यंत्र नीट सांगत नाही. तिथे कात्री निर्णय घेते. चार पदरी कागदातून दोन इंचांहून लहान चेहरा कापताना ओठांच्या मध्ये केसभर जास्त गेले की माणूस दुसराच होतो. आणि कापलेले परत जोडता येत नाही. चित्रकाराला रंगावर रंग चढवता येतो, कापणाऱ्याला ती सवलत नाही.

याचा पुरावा म्हणून मी एकच चित्र पुढे ठेवतो. फिलाडेल्फियाच्या लायब्ररी कंपनीत एक पोकळ काप आहे, त्यावर लिहिले आहे: मोझेस विल्यम्स, चेहरे कापणारा. बराच काळ ते राफाएल पीलचे काम मानले गेले. ग्वेंडोलिन ड्यूबॉइस शॉ या कला-इतिहासकार बाईंनी ते बारकाईने पाहून वेगळा विचार मांडला. यंत्राने दाबलेली रेषा आणि प्रत्यक्ष कात्रीची वाट येथे सगळीकडे एक नाही. केसांपाशी कात्री रेषा सोडून गेली आहे आणि केस अधिक लांब, अधिक सरळ दिसतात. हे चित्र मोझेसने स्वतःचेच कापले असावे, असे त्या सुचवतात. मला ही कल्पना पटते. पण ती सिद्ध झाली आहे असे मी म्हणणार नाही. कापणारा कोणीही असो, यंत्राची रेषा सोडून जाण्याचा निर्णय त्या कागदावर दिसतो. तो मोझेसचा असेल, तर त्याचा अर्थ काय? गोऱ्यांसारखे दिसण्याची इच्छा? की, माझ्या चेहऱ्याची रेषा कुठून जावी हे मी ठरवीन, हे सांगणे? शॉबाई यात मोझेसची ओढाताण पाहतात. मला त्यात आणखी थोडी हट्टाची छटा दिसते. आठ हजार चेहरे दुसऱ्यांच्या रेषेवरून कापणारा माणूस एकदा, स्वतःच्या वेळी, रेषा सोडतो. समीक्षेने कलावंत कोण हे ठरवताना एवढे पुरेसे मानायला हरकत नसावी.

तिसरा प्रश्न ताब्याचा. कनेक्टिकटमधल्या स्ट्रॅटफर्डच्या इतिहास संस्थेत एका तरुणीचे सिलुएट आहे. तिचे नाव फ्लोरा. मोकळे, वर उडालेले केस, किंचित उघडे ओठ. हा चेहरा खऱ्या डोक्याच्या मापाचा आहे. ते पाहताना मला प्रथम त्यातला जिवंतपणा जाणवला. नंतर कळले की त्यासोबत एक कागद आहे. १७९६ साली मिलफर्डच्या मार्गारेट ड्वाइट यांनी एकोणीस वर्षांची फ्लोरा असा बेंजामिन यांना पंचवीस पौंडांना विकली, त्याचे ते विक्रीखत. आता हे चित्र काय समजायचे? ते कोणी आणि कशासाठी कापले हे त्या कागदावर नाही. पण विक्रीखताशेजारी ठेवले की तीच रेषा ओळख पटवायची खूण होते, जसे जनावराच्या दाखल्यावर त्याचे वर्णन असते. फ्लोराने आठ सेंट दिले नव्हते. तिला चित्र ‘परवडले’ नव्हते. तीच कोणाला तरी परवडली होती. स्वस्त चित्र सर्वांपर्यंत पोचले म्हणताना पोचणे आणि पकडले जाणे यांत फरक करायला हवा, हे मी फ्लोराकडून शिकलो.

याच्या अगदी उलट एक जोडी आहे. व्हरमाँटच्या वेब्रिज गावात चॅरिटी ब्रायंट आणि सिल्व्हिया ड्रेक या दोन बाया १८०७ पासून १८५१ साली चॅरिटी वारेपर्यंत एका घरात, जोडप्यासारख्या राहिल्या. शिवणकाम करून पोट भरले. गावाने त्यांना मानाने नांदू दिले आणि पुढे एकाच दगडाखाली त्यांना पुरले. मिडलबरीच्या शेल्डन संग्रहालयात त्या दोघींची सिलुएटे आहेत, एकमेकींकडे तोंड केलेली, भोवती केसांच्या बारीक वेणीची नक्षी. कोणा चित्रकाराने त्या दोघींचे एकत्र तैलचित्र काढले असते का, मला शंका आहे. पण कात्री आणि कागद त्यांच्या घरच्याच वस्तू. हे चित्र कोणाला दाखवायचे नव्हते, जपायचे होते. या कलेच्या बाजूने उभे राहायचे तर मी या चौकटीशेजारी उभा राहीन.

चौथा प्रश्न नावाचा, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मार्था ॲन हनिवेल या बाईंना जन्मतः हात नव्हते. त्या तोंडात कात्री धरून कागद कापत आणि तसे चित्रावर लिहीतही. लोक तमाशा पाहायला येत. बाई सही करून तमाशाची कला करीत. ऑग्युस्त एदुआर हा फ्रेंच कारागीर १८३९ ते १८४९ अमेरिकेत हिंडला. यंत्राचा त्याला तिटकारा. तो डोळ्याने पाही आणि काळा कागद दुमडून पूर्णाकृती कापी. एक प्रत गिऱ्हाइकाला, दुसरी स्वतःच्या वहीत. आणि त्या दुसरीवर नाव, गाव, तारीख. परतताना १८४९ च्या डिसेंबरात त्याचे जहाज गर्न्सी बेटाजवळ फुटले. तो वाचला, बहुतेक वह्या गेल्या. वाचलेल्या त्याने आसरा देणाऱ्या कुटुंबाला देऊन टाकल्या, आणि त्यानंतर त्याच्या हातून फारसे काम झाले नाही. आज त्या उरलेल्या आकृत्यांना आपण माणसे म्हणून ओळखतो ते कात्रीच्या सफाईमुळे नव्हे, खाली लिहिलेल्या एका ओळीमुळे.

एदुआर अमेरिकेत आला त्याच वर्षी, १८३९ साली, पॅरिसमध्ये दागेरच्या फोटोची घोषणा झाली, आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत कागदी चेहऱ्यांचा बाजार बसला. मग हा प्रकार जत्रेतली गंमत म्हणून उरला. त्याला पुन्हा धार आणली कारा वॉकर या कृष्णवर्णी कलावतीने. १९९४ साली न्यूयॉर्कमध्ये तिने भिंतभर काळ्या कागदी आकृत्या लावल्या. घागरे, झाडे, चांदणे, आणि त्या गोजिरेपणाच्या आत गुलामगिरीचे सगळे अत्याचार. सिलुएटमध्ये गोरा आणि काळा दोघेही काळेच दिसतात, मग कोण कोणता हे आपण कशावरून ओळखतो? नाकावरून, ओठांवरून, केसांवरून. म्हणजे लाव्हाटर अजून आपल्या डोळ्यांत बसलेला आहे, हे ती प्रेक्षकाला पकडून दाखवते. २०१८ साली वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय दालनाने जुनी आणि नवी सिलुएटे एकत्र मांडली तेव्हा फ्लोरा, चॅरिटी-सिल्व्हिया आणि वॉकर एका छताखाली आल्या. मला वाटते, त्या दिवशी ही कला पेटीच्या तळाशी राहिली नाही.

माझा निष्कर्ष एवढाच की सिलुएट सर्वांची कला झाली ती स्वस्त होती म्हणून नव्हे. स्वस्त रेषा मोझेसच्या हातात पोटाचे साधन झाली, फ्लोराभोवती दाव्यासारखी पडली आणि चॅरिटी-सिल्व्हियाच्या घरात चौकट झाली. फरक रेषेत नव्हता. ती कोणी कापली, कोणी ठेवली आणि तिच्यावर काय लिहिले, यात होता.

हा लेख लिहीत असताना दिवाळीच्या साफसफाईत घरातली जुनी ट्रंक उघडली. आत दोन फोटो होते. एकाच्या मागे कानडी लिपीत दोन ओळी होत्या. आईच्या माहेरची मंडळी कानडी शाळेत शिकलेली, पण मला ती लिपी नीट येत नाही. शेजारच्या काकूंनी वाचून दाखवले: मराठी नाव, नाते आणि गाव. आईची थोरली मावशी निघाली. दुसऱ्या फोटोत कडेवर मूल घेतलेली एक बाई आहे. मागे फक्त स्टुडिओचा शिक्का. ती कोण, हे सांगणारे आता आमच्या घरात कोणी नाही. मी तो फोटो पुष्कळ वेळ पाहिला. नाक-डोळे सगळे स्वच्छ आले आहे, तरी ते मला पोकळ कापासारखेच वाटले.

ट्रंक परत लावण्यापूर्वी उरलेल्या फोटोंच्या मागे मी पेन्सिलीने नावे लिहिली. जी मला येत नव्हती ती काकूंनी सांगितली, आणि दोन-तीन त्यांनी स्वतःच, कानडीत.